टोळी, जात, भाषा : देवनहळ्ळीचा मुलूख आणि सूदान

देवनहळ्ळी या गावाचे नाव मराठी वाचकाच्या कानावर पडले असेल ते बहुधा टिपू सुलतानाच्या संदर्भात. टिपूचा जन्म इथला. त्याचे साल कोणी १७५० देतात, कोणी १७५१. कन्नड वाङ्मयाशी ज्यांचा परिचय आहे त्यांना हे गाव आणखी एका रूपात भेटते. पण ते इतके आडून की, पुष्कळदा ओळखूही येत नाही. 'मंकुतिम्मन कग्ग' या १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या चौपद्यांच्या संग्रहाचे कवी डी. व्ही. गुंडप्पा यांच्या नावातील पहिले आद्याक्षर म्हणजे देवनहळ्ळी. गुंडप्पांचा जन्म कोलार जिल्ह्यातील मुळबागिलचा, १८८७ सालचा. परंतु दक्षिणेतील रीतीप्रमाणे घराण्याचे मूळ गाव नावाच्या अग्रभागी चालत राहिले. एकाच लहानशा किल्ल्याच्या गावाने फार्सी राजव्यवहाराचा एक सुलतान आणि कन्नडचा एक विचारवंत कवी अशी दोन नावे इतिहासाला द्यावीत, यात त्या प्रदेशाच्या स्वभावाची खूण सापडते. २००८ पासून बंगळूरचा विमानतळ याच तालुक्यात आहे आणि त्या महानगरीत पाऊल टाकणारा परदेशस्थ मनुष्य प्रथम देवनहळ्ळीच्याच मातीवर उतरतो, हे अर्थात त्याला क्वचितच सांगितले जाते.

या मुलुखाचा विचार येथे एका वेगळ्याच प्रश्नाच्या निमित्ताने करावयाचा आहे. सूदानातील घडामोडींविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात 'टोळ्यांचे युद्ध', 'वांशिक यादवी', 'अरब विरुद्ध आफ्रिकी' हे शब्द ठरलेले आहेत. हे शब्द आपल्या लेखकांनी सूदान पाहून घडविलेले नाहीत. ते इंग्रजी वार्तापत्रांतून आयते आले आणि भाषांतरकारांनी ते जसेच्या तसे स्वीकारले. एखाद्या समाजातील कलहाचे कारण त्या समाजाच्या रक्तात किंवा त्याच्या बोलीत आहे असे या शब्दांत गृहीत धरलेले असते. गृहीतक बरोबर की चूक हे दूरच्या देशावर ताडून पाहणे कठीण. परंतु ज्या भूमीवर अनेक समूह, अनेक भाषा आणि अनेक लढाया शेकडो वर्षे एकत्र नांदल्या, अशी भूमी आपल्या परिचयाची असेल, तर त्या शब्दांची परीक्षा तेथे घेता येते. बंगळूर-देवनहळ्ळी-कोलारचे पठार ही अशी भूमी आहे. आणि मराठी भाषा तेथे केवळ प्रेक्षक नव्हती, म्हणून तिला साक्षीला बोलावणे अधिकच इष्ट.

देवनहळ्ळीचा पहिला किल्ला मातीचा होता. १५०१ साली तो मल्लबैरेगौडाने बांधला असे सांगतात. हा गौड आवतीच्या पाळेगार घराण्यातील. त्या घराण्याची कथा अशी की, त्यांचे पूर्वज सात भाऊ कांचीच्या बाजूने निघाले आणि नंदीच्या डोंगरापासून जवळ असलेल्या आवती गावी येऊन स्थिरावले. कथेतील सात हा आकडा आणि गाड्यांचा प्रवास या लोककथेच्या परिचित खुणा आहेत, म्हणून तिला इतिहास म्हणून शब्दशः घेण्याचे कारण नाही. परंतु बंगळूर वसविणाऱ्या केंपेगौडाच्या घराण्याचीही कथा कांचीच्या बाजूलाच जाऊन पोहोचते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दोन्ही घराणी मोरसू वक्कलिगांची. या मोरसूंत कन्नड बोलणारी घरे आहेत, तशी तेलुगु बोलणारीही आहेत. १५३७ साली बंगळूरची स्थापना करणारा हा केंपेगौड आज कन्नड अभिमानाचे प्रतीक आहे, आणि ते योग्यच. पण त्याच्या नावावर 'गंगागौरीविलास' हे जे यक्षगान सांगितले जाते ते तेलुगु भाषेत आहे. विजयनगरच्या अखेरच्या काळात राजकवींची प्रतिष्ठित भाषा तेलुगु होती. पाळेगाराने तिच्यात रचना करावी यात त्या काळी कोणाला विसंगती वाटली नाही. कुळ एक, शेतीची भाषा एक, काव्याची भाषा दुसरी, देवाची तिसरी. आजच्या जनगणनेच्या रकान्यात त्याला बसवायचे झाले तर कोणत्या रकान्यात बसवावे?

१६३८ साली विजापूरचा सेनापती रणदुल्लाखान आणि त्याच्याबरोबरचा शहाजी भोसले यांनी बंगळूर घेतले. मग बंगळूर, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर हा मुलूख शहाजीच्या जहागिरीत आला. नकाशा समोर ठेवला तर ही नावे देवनहळ्ळीच्या सभोवार पसरलेली दिसतात. खुद्द देवनहळ्ळी मात्र आवतीच्या घराण्याकडेच राहिली. मुसलमान सुलतानाच्या वतीने मराठा सरदाराने कन्नड-तेलुगु गौडाचे नगर जिंकले, आणि आजूबाजूचे गौड आपापल्या गढ्यांत बसून राहिले. या प्रसंगाला 'वांशिक' म्हणता येत नाही, 'धार्मिक' म्हणता येत नाही आणि 'भाषिक' तर मुळीच नाही. महसुलाचा हक्क कोणाकडे राहावा, एवढाच त्या युद्धाचा प्रश्न होता.

शहाजीच्या या दरबाराचे वाङ्मयीन चित्र एका विलक्षण ग्रंथात टिकून आहे. जयराम पिंड्ये हा नाशिककडचा कवी. त्याच्या 'राधामाधवविलासचंपू' या ग्रंथाचे संपादन वि. का. राजवाडे यांनी केले आणि तो शके १८४४ मध्ये, म्हणजे १९२२ साली, प्रसिद्ध झाला. त्याला राजवाड्यांनी जोडलेली प्रस्तावना मूळ ग्रंथापेक्षा अधिक वाचली गेली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. राजवाड्यांची दृष्टी मराठ्यांच्या उदयावर खिळलेली. त्यामुळे चंपूचा उपयोग त्यांनी शहाजीच्या पराक्रमाचा आणि स्वतंत्र वृत्तीचा पुरावा म्हणून केला. तो उपयोग चुकीचा नव्हे. परंतु भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने ग्रंथाचे खरे धन वेगळे आहे. जयराम हा बारा भाषांत रचना करणारा कवी. दरबारात प्रवेश करताना त्याने राजापुढे बारा नारळ ठेवले, आणि त्याचा अर्थ विचारला असता आपल्याला बारा भाषांत काव्य करता येते असे सांगितले, हा प्रसंग प्रसिद्धच आहे. ग्रंथाच्या उत्तर भागात त्या भाषांतील पद्ये येतात आणि निरनिराळ्या देशांतून आलेल्या कवींच्या समस्यापूर्तीही येतात.

त्या बारांच्या नामावळीकडे आजच्या वाचकाने सावकाश पाहावे. मराठीला जयराम 'मराठी' म्हणत नाही, 'प्राकृत' म्हणतो. भाषा अजून प्रांताच्या नावाने ओळखली जात नव्हती असे नव्हे, पण तसे ओळखणे अनिवार्य नव्हते. 'यावनी' आणि 'दाक्षिणात्य यावनी' असा भेद तो करतो. म्हणजे दक्खनीला तिच्या उत्तरेकडील बहिणीहून वेगळी मानण्याइतका त्याचा कान तिखट होता. आजचे आपले कित्येक भाषाविषयक निबंध हा भेद करीत नाहीत. आणि ज्या नगरात हे सारे चालले होते त्या नगराची भाषा, कानडी, ही त्या बारांतील एक म्हणून येते. यजमान भाषेला पाहुण्यांच्या पंक्तीत एक पान मिळाले, असे त्याचे वर्णन करावेसे वाटते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या चंपूच्या आधारे बंगळूरच्या भाषिक सौहार्दाचे गोडवे गाण्याचा मोह अनेकांना होतो. दरबारातील बहुभाषिकता आणि बाजारातील बहुभाषिकता या दोन भिन्न गोष्टी आहेत. दरबारात भाषा अलंकारासारख्या मांडल्या जातात. जितक्या अधिक, तितके राजाचे वैभव मोठे. बाजारात भाषा हत्यारासारखी वापरली जाते. कापडाला रंग देणाऱ्या रंगाऱ्याला सूत विकणाऱ्याची भाषा यावी लागते, कारण त्यावाचून सौदा होत नाही. शहाजीच्या मागोमाग या प्रदेशात जे मराठीभाषी आले, शिलेदार, कारकून, शिंपी, भावसार, त्यांची भाषा दरबार उठल्यावरही राहिली. १६८७ साली मोगलांनी बंगळूर घेतले आणि ते लौकरच तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयारांकडे गेले. एकोजीचे घराणे तंजावरात स्थिरावले. जयरामासारखा कवी पुन्हा या नगरात आला नाही. पण नामदेव शिंप्यांची आणि भावसारांची घरे बंगळूरच्या जुन्या पेठांत राहिली. वाङ्मयाच्या इतिहासाने दरबाराची नोंद घेतली आणि पेठेची घेतली नाही; हा त्या इतिहासाचा दोष आहे.

अठराव्या शतकात या मुलुखाने फार रक्त पाहिले, आणि त्यातील पुष्कळ रक्ताचा जाब मराठी फौजांना द्यावा लागतो. १७४९ साली म्हैसूरच्या नंजराजाने देवनहळ्ळीला वेढा घातला. हैदर नावाचा एक साधा स्वार त्या वेढ्यात प्रथम नजरेत भरला. पुढे पेशव्यांच्या स्वाऱ्या एकामागून एक आल्या. १७५७ साली श्रीरंगपट्टणला वेढा पडला, १७५९ साली गोपाळराव पटवर्धन बंगळूरवर चालून आला, आणि त्यानंतर माधवराव पेशव्याच्या कर्नाटकातील मोहिमा झाल्या. १७९१ साली इंग्रज, निजाम आणि मराठे हे तिघे टिपूविरुद्ध एकत्र आले. कॉर्नवॉलिसने त्याच साली देवनहळ्ळीचा किल्ला घेतला. त्याच साली पटवर्धनांच्या फौजेबरोबर असलेल्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. शंकराचार्यांच्या पीठाला ब्राह्मण पेशव्यांच्या सैन्याकडून उपद्रव पोहोचला आणि त्याच्या जीर्णोद्धारासाठी द्रव्य पाठविले ते टिपूने. म्हैसूरच्या पुराणवस्तू खात्याचे आर. नरसिंहाचार यांना १९१६ साली मठात टिपूची पत्रे सापडली, तेव्हा हा व्यवहार उजेडात आला. पत्रांची भाषा कन्नड आहे. फार्सीत राज्य करणारा, घरी दक्खनी बोलणारा राजा संस्कृताच्या पीठाला कन्नडात लिहितो.

शृंगेरीची ही हकीकत मराठी ऐतिहासिक लेखनात एखाद्या तळटीपेइतक्या जागेत उरकली जाते, आणि टिपूविषयी लिहिताना काहींना ती आठवत नाही, तर काहींना तिच्याखेरीज दुसरे काही आठवत नाही. कोडगू आणि मलबार येथे त्याच राजाने केलेली जबरदस्तीही तितकीच खरी आहे. दोन्ही गोष्टी एका वाक्यात मावत नाहीत म्हणून एक टाकून द्यावयाची, ही इतिहासाची पद्धत नव्हे. प्रस्तुत प्रश्नापुरते एवढेच पाहावयाचे की, त्या शतकातील कलहांत सैन्ये भाषेवर उभी नव्हती आणि धर्मावर तर पुष्कळदा उलटीच उभी होती.

मग भाषेचा कलह आला कोठून? त्याचा उगम रणांगणावर शोधण्यापेक्षा दप्तरखान्यात शोधावा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात म्हैसूर संस्थानच्या हिशेबी कामात कन्नडबरोबर मराठीही चालत असे. कारकुनी पेशातील कुटुंबांना ती वंशपरंपरेने येत होती. उत्तरेस, मुंबई इलाख्यात गेलेल्या धारवाडकडे, तर मराठीचे वर्चस्व शाळा आणि कचेरी या दोन्ही ठिकाणी होते. कन्नड बोलणारे मूल शाळेत मराठी शिकत होते आणि त्या मराठीच्या बळावर नोकरी मिळवीत होते. १८९० साली धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला तो या अवस्थेवर उपाय म्हणून. मराठी वाचक बेळगावच्या प्रश्नाचा विचार करतो तेव्हा तो १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून, फार तर १९६७ च्या महाजन अहवालापासून प्रारंभ करतो. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा हे त्याच्या दृष्टीने त्याच कथेचे पुढील प्रकरण. कन्नड वाचकाच्या कथेचा आरंभ धारवाडच्या त्या शाळेत होतो. दोघेही आपापल्या कथेशी प्रामाणिक आहेत. पहिले पान कोणते यावर त्यांचे एकमत नाही, आणि भांडण तेथेच आहे.

हे ध्यानी घेतले म्हणजे सूदानचा इतिहास परका वाटेनासा होतो. 'बिलाद अस्‌-सूदान' हे अरब भूगोलकारांनी दिलेले नाव. 'काळ्यांचा देश' असा त्याचा अर्थ, आणि ते सहाराच्या दक्षिणेकडील सबंध पट्ट्याला उद्देशून होते. राष्ट्राचे नाव म्हणून ते नंतर आकुंचित झाले. शंभराहून अधिक भाषांच्या या देशात ब्रिटिश-ईजिप्शियन अंमलाने उत्तर आणि दक्षिण असे दोन कारभार चालविले. १९२२ च्या एका कायद्याने दक्षिणेचे जिल्हे बंदिस्त झाले. १९२८ साली रेजाफ येथे भरलेल्या भाषापरिषदेने दक्षिणेतील शाळांसाठी सहा भाषा निवडल्या : डिंका, बारी, नुएर, लातुको, शिलुक आणि झांदे. वरच्या शिक्षणाला इंग्रजी, अरबीला बंदी. परिषदेचा हेतू शैक्षणिक होता असे म्हणता येईल, परंतु तिचा परिणाम असा झाला की, ज्या बोली एकमेकींत हळूहळू मिसळत होत्या त्यांच्यामध्ये पाठ्यपुस्तकांची कुंपणे उभी राहिली. उत्तरेचे सरकारी शिक्षण अरबीत चालले, दक्षिणेचे मिशनरी शाळांत. १९४६ नंतर धोरण उलटले, १९४७ साली जुबा येथे परिषद भरली आणि दोन भाग एकत्र ठेवण्याचे ठरले.

१९५३ साली सूदानात जी पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तिच्या आयोगाचे अध्यक्ष होते भारताचे निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. आपल्या येथील अफाट निवडणूक नुकतीच पार पाडलेला अधिकारी त्या देशाला मिळाला, ही दोन्ही देशांना भूषणावह गोष्ट. पण मतपेटी जे सोडवू शकत नाही ते कचेरीत वाट पाहत होते. इंग्रज अधिकारी निघाले आणि त्यांच्या जागी देशी माणसे नेमण्याची वेळ आली तेव्हा सुमारे आठशे पदांपैकी दक्षिणेच्या वाट्याला आली ती बोटांवर मोजण्याइतकी. कारण उघड होते : नव्या राज्याचे दप्तर अरबीत चालणार आणि दक्षिणेतील शिकलेल्याला अरबी येत नव्हती, कारण ती त्याला येऊ नये अशीच व्यवस्था पंचवीस वर्षे केलेली होती. ऑगस्ट १९५५ मध्ये तोरीत येथे दक्षिणी पलटणीने बंड केले. १ जानेवारी १९५६ रोजी स्वातंत्र्य आले तेव्हा यादवीला आरंभ झालेला होता. त्यानंतर सरकारने मिशनरी शाळा ताब्यात घेतल्या, १९६० साली दक्षिणेतील सुटीचा वार रविवारऐवजी शुक्रवार केला, १९६४ साली मिशनऱ्यांना देशाबाहेर घालविले. १९७२ च्या अदिस अबाबा कराराने मिळालेली शांतता १९८३ पर्यंत टिकली; दुसरे युद्ध २००५ पर्यंत चालले; ९ जुलै २०११ रोजी दक्षिण सूदान स्वतंत्र झाला.

धारवाडची शाळा आणि रेजाफची परिषद यांत साम्य आहे, पण ते ताणू नये. सूदानात एकोणिसाव्या शतकात गुलामांचा व्यापार झाला. उत्तरेचे व्यापारी दक्षिणेतील माणसे पकडून विकत होते, आणि 'अब्द', म्हणजे गुलाम, हा शब्द पुढेही शिवीसारखा चालू राहिला. बंगळूरच्या पठारावरील समूहांमध्ये उच्चनीचतेचे अन्याय पुष्कळ होते, परंतु एका भाषेच्या लोकांनी दुसऱ्या भाषेच्या लोकांचा माणसे विकण्याचा धंदा केला असे घडले नाही. ज्या समाजाच्या स्मृतीत बाजारात विकले गेल्याची आठवण आहे, त्या समाजाला राज्यकर्त्याची भाषा शिकण्याचा उपदेश दुसऱ्या कोणी सहजासहजी करू नये. आपल्याकडील भाषावादांशी सूदानची तुलना करणारे येथेच घसरतात.

भाषा एक झाली की कलह संपतो, हा समजही सूदानने खोटा ठरविला. दक्षिण सूदानने इंग्रजीला राजभाषा केले, आणि डिसेंबर २०१३ मध्ये नव्या राज्यातच युद्ध पेटले. एका बाजूला अध्यक्ष साल्वा कीर, ते डिंका. दुसऱ्या बाजूला रीक माचार, ते नुएर. डिंका आणि नुएर या भाषा एकाच नाईलोटिक कुळातील, निकटच्या भगिनी. उत्तरेत १५ एप्रिल २०२३ रोजी खार्तूममध्ये ज्या दोन सैन्यांत लढाई जुंपली त्यांचे दोघेही सेनापती अरबीच बोलतात. आणि दार्फूर? तेथे २००३ पासून जे घडले त्याला 'अरब विरुद्ध आफ्रिकी' म्हटले जाते. फूर, मसालीत, झगावा या समूहांवर झालेले अत्याचार खरे आहेत आणि त्यात वंशद्वेषाची भाषा वापरली गेली हेही खरे. परंतु अवर्षणाने कुरणे आक्रसली, उंट आणि गुरे पाळणारे शेतकऱ्यांच्या जमिनीत उतरले, पूर्वापार चालत आलेले 'हाकूरा' नावाचे जमिनीचे हक्क मोडीत निघाले, आणि सरकारने एका बाजूला शस्त्रे दिली, हा त्या कथेचा पाया आहे. नॉर्वेचे मानववंशशास्त्रज्ञ गुन्नार हालांड यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात दार्फूरविषयी दाखवून दिले की, फूर शेतकऱ्याजवळ गुरे वाढली आणि तो भटक्या पशुपालाचे जीवन जगू लागला, की त्याची गणना बक्कारा अरबांत होऊ लागे. म्हणजे ज्याला आपण जन्माने मिळालेला वंश समजतो तो तेथे उदरनिर्वाहाच्या रीतीबरोबर पालटत होता.

या मुलुखाच्या वाङ्मयातही पालटाची उदाहरणे आहेत, आणि ती सुदैवाने रक्तावाचून घडलेली आहेत. कन्नड कथेचे जनक मानले जाणारे मास्ती वेंकटेश अय्यंगार यांच्या घरची भाषा तमिळ. गाव कोलार जिल्ह्यातील मालूर तालुक्यात, शहाजीच्या जुन्या जहागिरीच्या सावलीत. 'चिक्कवीर राजेंद्र' ही त्यांची कादंबरी १९५६ ची आणि त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला तो १९८३ चा. धारवाडचे द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, आणि त्यांची कन्नड कविता अशी की, कन्नडच्या लोकलयीचे सर्वश्रेष्ठ उदाहरण म्हणून ती दाखविली जाते. उलट बाजूने शं. बा. जोशी या कन्नड पंडिताने १९५२ साली 'मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या' हे पुस्तक मराठीत लिहिले आणि महाराष्ट्राच्या संस्कृतीचा पाया कन्नड असल्याचे प्रतिपादन मराठी वाचकाला मराठीतच ऐकविले. मराठी समीक्षेने त्या पुस्तकातील व्युत्पत्तींवर आक्षेप घेतले, काही आक्षेप योग्यही होते. परंतु तूप, अक्का, अण्णा हे शब्द रोज तोंडात असणाऱ्यांनी मूळ प्रश्नाकडे पाठ फिरविली ती फिरविलीच.

बंगळूर शहरात भाषेवरून दंगली झाल्या नाहीत असे नाही. १९८१ च्या गोकाक समितीच्या अहवालानंतर १९८२ साली कन्नडसाठी मोठे आंदोलन झाले. डिसेंबर १९९१ मध्ये कावेरीच्या पाण्यावरून तमिळ वस्त्यांवर हल्ले झाले. १९९४ साली दूरदर्शनवरील उर्दू बातम्यांवरून माणसे मेली. तिन्ही वेळी वादाचा विषय पाहिला तर शाळेतील प्रथम भाषा, नदीचे पाणी आणि सरकारी प्रक्षेपणातील काही मिनिटे असा तो आहे. राज्याकडून जे वाटले जाते त्यावरचा हा हक्काचा झगडा आहे. आणि देवनहळ्ळीत अलीकडे जो मोठा संघर्ष झाला त्यात तर भाषेचा संबंधही नव्हता : चन्नरायपट्टण होबळीतील तेरा गावांची १,७७७ एकर जमीन उद्योगासाठी घेण्याच्या बेताविरुद्ध शेतकरी तीन वर्षांहून अधिक काळ धरणे धरून बसले, आणि जुलै २०२५ मध्ये सरकारने तो बेत सोडला. त्या धरण्यात कन्नड बोलणारे होते, तेलुगु बोलणारे होते. हीच घटना आफ्रिकेत घडली असती तर आपल्या वार्तापत्रांनी तिला कोणत्या टोळीचे बंड म्हटले असते?

'टोळी' या शब्दाकडे म्हणूनच परत यावे लागते. मराठीत टोळी म्हणजे दरोडेखोरांची, टोळांची, फार तर ऊसतोड कामगारांची. तात्पुरती एकत्र आलेली, मुळे नसलेली अशी छटा तिला आहे. लक्षावधी माणसांच्या, स्वतःची काव्यपरंपरा असलेल्या डिंका समाजाला हा शब्द लावणे म्हणजे मोरसू वक्कलिगांना टोळी म्हणण्यासारखे आहे. डिंका विद्वान फ्रान्सिस डेंग यांनी आपल्या लोकांची गीते इंग्रजीत आणली तो ग्रंथ १९७३ चा. त्यातून गुराढोरांची, कोर्टकज्ज्यांची, वंशावळींची जी गीतसृष्टी समोर येते ती टोळीची नव्हे. 'जमात' हा शब्द बरा, परंतु आपल्या राज्यघटनेने त्याला विशिष्ट अर्थ दिल्यामुळे तोही गुंतागुंत वाढवितो. 'वंश' हा सर्वांत घातक. तो रक्ताचा दाखला मागतो आणि हालांडच्या शेतकऱ्याजवळ तो दाखला नाही. 'समूह' हा शब्द निस्तेज आहे खरा, पण न सिद्ध झालेले तो काही सांगत नाही. भाषांतरकाराने शक्य तेथे समूहाचे स्वतःचे नावच वापरावे हे उत्तम : 'मसालीत शेतकरी' म्हटले की वाचकाला शेत दिसते, 'आफ्रिकी टोळी' म्हटले की काहीच दिसत नाही. तायेब सालिह यांच्या १९६६ च्या सुप्रसिद्ध कादंबरीतील नाईलकाठचे गाव मराठीत आणताना हा विवेक विशेष लागेल, कारण तेथील माणसे अरबी बोलतात, आफ्रिकी आहेत, आणि या दोन गोष्टींत त्यांना स्वतःला विरोध जाणवत नाही.

राहता राहिली बंगळूरच्या पेठांतील मराठी. ग्रीअर्सनच्या भाषासर्वेक्षणात मराठीला वाहिलेला खंड १९०५ साली निघाला, पण त्या सर्वेक्षणाच्या कक्षेत म्हैसूर संस्थान नव्हते. त्यामुळे नागपूरपासून कोकणापर्यंतच्या बोलींचे नमुने त्यात मिळतात. शहाजीबरोबर आलेल्यांच्या वंशजांच्या बोलीचे मिळत नाहीत. ही माणसे घरात जी मराठी बोलतात तिच्यात क्रियापदे कन्नडच्या वळणाने जातात. पुण्याची मराठी ऐकली की ती पुस्तकी वाटते आणि आपली बोलण्याचा संकोच वाटतो. मुले कन्नड आणि इंग्रजी शिकतात. १९५६ च्या पुनर्रचनेने प्रत्येक भाषेला एक घर दिले. ज्यांचे घर दुसऱ्या भाषेच्या अंगणात आहे त्यांच्यासाठी त्या व्यवस्थेत वेगळी खोली नाही. तमिळनाडूतील तंजावरी मराठीचे, महाराष्ट्रातील कन्नड भाषकांचे आणि सबंध दक्षिणेतील दक्खनीचे हेच झाले. जुबा शहरात दक्षिणेतील भिन्नभाषी माणसे परस्परांशी जी 'जुबा अरबी' बोलतात तिचीही अवस्था अशीच आहे : ती ना उत्तरेची शुद्ध अरबी, ना राजभाषा इंग्रजी, आणि तरीही बाजार तिच्यावाचून चालत नाही.

या पेठांतील विठ्ठलमंदिरांत एकादशीला भजन होते. गाणाऱ्यांपैकी अनेकांना देवनागरी वाचता येत नाही. त्यांच्या हातातील पुस्तकांत ज्ञानेश्वर-तुकारामांचे अभंग कन्नड लिपीत छापलेले असतात. ऱ्हस्वदीर्घ चुकलेले, 'च' आणि 'ज' यांचे दोन उच्चार एकाच अक्षरात दडलेले. मराठी ग्रंथालयात ही पुस्तके मराठीच्या कपाटात ठेवली जात नाहीत, आणि कन्नड ग्रंथालयात त्यांची भाषा कन्नड नाही. दक्षिणेतील मराठीच्या अभ्यासाला हात घालणाऱ्याने जयरामाच्या चंपूशेजारी ही पुस्तकेही ठेवावीत. चुकलेल्या ऱ्हस्वदीर्घांवरून तेथील माणसे कोणता स्वर लांबवितात आणि कोणता गिळतात, हे पानापानावर कळते.